ओठ जुळले पाहिजेत

मी हलकेफुलके प्रेमपट लिहितो. मुलगा श्रीमंत, मुलगी गरीब, आई आडवी. शेवटच्या दहा मिनिटांत आई विरघळते, कारण प्रेक्षकांना घरी जायचं असतं. या खेपेची नायिका इस्त्रीवाल्याची मुलगी, परमुलखातली, सावळी. तिच्यासाठी गोरीपान नटी घेतली आणि रोज तासभर रंग फासून तिला सावळी केली. नटीला भाषा येईना, म्हणून आवाज द्यायला एक बाई बोलावली.

ती काचेपलीकडे माइकसमोर उभी राहिली आणि मी ओळखलं.

चोवीस वर्षांपूर्वी ती आमच्या कोपऱ्यावर बापाच्या टेबलाशी इस्त्री करायची. मी धड शर्ट मुद्दाम चुरगळून रोज तिच्याकडे न्यायचो. एका सकाळी, ठरल्याप्रमाणे, ती स्वतःच्या कपड्यांची पिशवी घेऊन आमच्या जिन्याखाली येऊन थांबली. वर आई म्हणाली, "तिचा रंग बघ, बोलणं बघ. चारचौघांत काय सांगू मी?" माझा एक बूट घालून झाला होता. दुसरा घातलाच नाही.

चित्रपटात नायक चार मजले धावत उतरतो. आमचं घर पहिल्या मजल्यावर होतं.

"नमस्कार, लेखकसाहेब," ती म्हणाली. बस, एवढंच.

दिग्दर्शक म्हणाला, "ताई, बोलण्यात जरा तुमच्याकडचा हेल आणा की. लोक हसले पाहिजेत."

"घालवायला आठ वर्षं लागली, दादा. आणते."

आणि ती थेट तिच्या बापासारखी बोलली. ध्वनिमुद्रक मांडीवर थाप मारून हसला. विनोद माझाच होता, त्यामुळे मीही हसलो.

शेवटचा प्रसंग जिन्याखालचा. नायक धापा टाकत येतो, नायिका म्हणते, "मला माहीत होतं, तू येशील." तिथे ती दोनदा अडली.

"अशी मुलगी असं म्हणत नाही, साहेब."

"मग काय म्हणते?" दिग्दर्शकाने विचारलं.

"'मला वाटलंच होतं, तू येणार नाहीस.' आणि तरी उभी राहते."

ध्वनिमुद्रकाने लावून बघितलं. "बसत नाही. नटीचं तोंड आधीच मिटतंय. पाठमोरा शॉट आहे एक, तो घेतला तर बसेल."

दिग्दर्शक माझ्याकडे वळला. "बोला लेखक, बदलायचं?"

ती काचेतून बघत होती. नुसतं 'हो' म्हणायचं होतं.

"राहू दे," मी म्हणालो. "लोकांना गोड शेवट लागतो."

तिने मान हलवली, शर्ट संध्याकाळी मिळतील असं सांगताना हलवायची तशीच. मग एका दमात, हेलासकट, ते वाक्य म्हणाली. ओठ असे जुळले की दिग्दर्शकाने टाळ्या वाजवल्या. दिवसभरात तिच्या तोंडून 'तू' आला, तो फक्त नायकासाठी.

ती पर्स उचलून निघाली. जिन्यावर तिच्या चपला बराच वेळ ऐकू येत होत्या. मी खुर्चीतच बसून होतो. या खेपेला दोन्ही बूट पायात होते.