विहिणीच्या दारातली नदी

प्रयागबाईने लेक दिली ती गावातल्या गावात. कारंजाच्या वरच्या वेटाळात, म्हणजे वरच्या आळीत, आपण, खालच्या वेटाळात लेक विजयमाला, आणि दोन्हींच्या कडेने वाहणारी एकच नदी. हाकेवरची सोयरीक म्हणून बाई भलती खूश होती.

आता वरच्या वेटाळाची रीत अशी, की घरात नको ते नदीत. राख, उष्ट्या पत्रावळी, फुटके माठ, सरकीचा कचरा. "नदी हाय, नेते वाहून," असं प्रयागबाईही म्हणायची आणि टोपली पालथी करायची. नेते ते कुठे, हे तिला लेकीच्या लग्नानंतर कळलं. सारं थेट विहिणीच्या घाटाला लागायचं. विजयमालाची सासू धुरपताबाई जिभेची तिखट. कुजकी पत्रावळ तरंगत आली की सुनेला हाक मारायची, "विजे, ये वो, तुह्या माहेरून आहेर आला." पोरगी बिचारी मान खाली घालून काठीने ती पत्रावळ पुढे ढकलायची.

एवढं प्रयागबाईने गिळलंही असतं. पण दिवाळी तोंडावर आली, आणि ती लेकीची पहिली दिवाळी. नवरा शालिग्राम फेटा बांधून, मुराळी होऊन, लेकीला आणायला गेला आणि एकटाच परत आला.

"काय झालं?" प्रयागबाईने विचारलं.

"इहीणबाई म्हणते, नदी साफ होईस्तोवर सून धाडत नाही."

"अन् तुमी काय म्हणलं?"

"मी चहा पेलो."

बाईच्या पायाची आग मस्तकात गेली. त्या दिवसांत श्रमदानाची मोठी हवा होती, नाही असं नाही. मागल्या महिन्यात एक साहेब येऊन गेला होता. त्याने हार घालून घेतला, एक घमेलं उचललं, फोटो काढवला, घमेलं होतं तिथेच ठेवलं आणि जीपमध्ये बसला. साहेबाच्या भरवशावर राहिलं तर पोरीची दिवाळी शिमग्याला होईल, हे बाईने ओळखलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती पदर खोचून नदीत उतरली. भाषण नाही, हार नाही. गाळातून एकेक वस्तू उपसली आणि ज्याची त्याच्या दारात नेऊन ठेवली. कोणाचं सूप, कोणाचा माठ, हे तिला बघताच कळायचं. अर्धा जन्म त्याच वेटाळात गेलेला. शेजारच्या मोतीबाईच्या ओट्यावर चिखलाने भरलेली दुरडी येऊन पडली.

"हे कायले आणलं वो?" मोतीबाई म्हणाली.

"तुहीच हाय. माह्या लेकीच्या दारात चालली होती. म्हणलं, परत करावं."

जगदेवच्या अंगणात त्याच्याच गादीचा कुजका कापूस पोचला. तो तावातावाने भांडायला आला खरा, पण सारं वेटाळ बघत होतं आणि गादी सगळ्यांच्या ओळखीची होती. तेवढ्यात गाळातून प्रयागबाईच्याच घरची फुटकी चाळणी निघाली. बाईने ती हळूच पदराखाली घेतली. मोतीबाईने नेमकं ते पाहिलं. अशी हसली, अशी हसली, की हसता हसता कुदळ घेऊन तीही खाली उतरली. मग लाजेकाजेने जगदेव आला, त्याची बैलजोडी आली, आणि चारसहा दिवसांत वेटाळात कोरड्या पायाचं कोणी उरलं नाही. शालिग्रामही आला, चहा पिऊन.

वरच्या वेटाळाचं पाणी वाहतं झालं. तळाचे गोटे दिसू लागले. शालिग्रामने पुन्हा फेटा बांधला, पुन्हा गेला, आणि पुन्हा एकटाच परत आला.

"आता काय म्हणते ते बाई?"

"ते काहीच नाही म्हणत. विजीच येत नाही म्हणते."

प्रयागबाई तरातरा खालच्या वेटाळात गेली. घाटावर बघते तर विजयमाला गुडघाभर चिखलात, हातात फावडं. सासू काठावर उभी.

"आई, पुढं येऊ नको, घसरशीन," विजयमाला म्हणाली. "तुमच्या वेटाळाचं पाणी आता साजरं येऊन राह्यलं. पण आमचा घाट अजून तसाच हाय. इथली घाण खालच्या गावाले जाते. ते तशीच टाकून मी कशी येऊ?"

तुमचं वेटाळ. आमचा घाट. पाठवणीच्या दिवशी प्रयागबाई रडली होती ती रिवाज म्हणून. घर तर हाकेवर होतं. लेक खरी सासरी गेली ती आज.

धुरपताबाईने तिचा चेहरा पाहिला आणि तिची जीभ जरा मऊ झाली. "सांगून थकलो मी, इहीणबाई. म्हणलं, जाय माहेरी. आयकतच नाही. कोणावर गेली कोण जाणे."

"तुमच्यावर," प्रयागबाई म्हणाली.

धुरपताबाईला हसू आलं, ते तिने दाबलं. "बसा. चहा टाकतो."

प्रयागबाई बसली नाही. डोळे पुसले, पदर खोचला आणि चिखलात उतरून लेकीच्या शेजारी उभी राहिली.

"तू नाही येत, तं मीच आलो लेकीकडं दिवाळीले," ती म्हणाली. "चहा मंग टाका, इहीणबाई. आधी तुमच्या घरचं घमेलं द्या."