हौसाच्या कानातली वायर

फळीवरून पितळी झाकण पडलं आणि घरंगळत चुलीपाशी जाऊन थांबलं. दुपारच्या शांततेत मी दचकले. माझी हौसा मात्र तिकडं पाठ करून चिंचोके मांडत बसली होती. तिची मान वळली नाही.

साडेचार वर्षांची असताना तापातून उठली ती अशी. आता सहावं सरलं. बोलणं अजून आहे, पण एकेक शब्द गळत चाललाय, आणि उरलेले ती ओरडून बोलते. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलेलं कानाचं यंत्र आमच्या आवाक्यात नव्हतं. घरात होता तो ट्रान्झिस्टर, तिच्या वडिलांनी पलटणीतून सुट्टीवर येताना आणलेला. तासगावात रेडिओ दुरुस्त करणारे नाथाजी म्हणाले, "वैनी, ह्यो इअरफोन लावून बघा. चार रुपयाचा हाय, यंत्र न्हवं. पन कान थोडाबी जिता आसंल तर कळंल तरी."

कळायला तर हवंच होतं. गुरुजी म्हणाले होते, हाक ऐकू येत असेल तर पहिलीत घेतो, नाहीतर पोरगी वर्गात बसून काय करणार? सोमवारी तिला घेऊन जायचं होतं.

इअरफोन मी आधी स्वतःच्या कानात घालून पाहिला. एकाच कानाचा, करंगळीच्या पेराएवढा, कडक. थोड्या वेळानं कान ठणकतो. आवाज पातळ, पत्र्यावर शेंगा ओतल्यासारखा. तोही कानात बसणाऱ्या बोंडाजवळ वायर दुमडून धरली तरच. सोडली की बंद. तरीही सांगली केंद्रावरची बाई माझ्या डोक्याच्या मधोमध गात होती. इतक्या जवळून मला कधी कुणी काही सांगितलं नव्हतं.

पहिल्या दिवशी तो हौसाला लावायचा मान माझ्या नणंदेनं, शालूवन्सनी घेतला. "बारशाला हिच्या कानात नाव म्या सांगितलं. आजबी म्याच." मी वायर दुमडून धरली. त्यांनी बोंड कानात बसवलं, बारशासारखंच तोंड जवळ नेऊन "कुर्रर्र" केलं आणि मान डोलावून विचारलं, येतंय न्हवं? हौसानंही मान डोलावली. वन्सनी तिच्या तोंडात चिमूटभर साखर घातली.

"आलं बघ ऐकू. आता गल्लीतल्या बायांस्नी म्हनावं, बोला की गं."

मग रोज दुपारी तेच. बोंड, मान, साखर. वन्स गुरुजींना सांगूनही आल्या.

आज वन्स द्राक्षबागेत गेल्या, म्हणून मीच लावलं. हौसानं लगेच मान डोलावली.

"काय म्हणतंय गं?" मी ओठ सावकाश हलवत विचारलं.

"बाई गाती," ती ओरडली.

कोणतं गाणं म्हणून मी बोंड माझ्या कानात घातलं. काहीच नव्हतं. वायर दुमडायचीच मी विसरले होते.

दुमडली. एक बाप्या गुळाचे बाजारभाव सांगत होता.

आवाजाचं बटण होतं तेवढं फिरवलं. मलाच ऐकवेना. वायर बोटांत घट्ट धरून बोंड तिच्या कानात बसवलं आणि पदर तोंडावर ओढून घेतला. पातळ लुगड्यातून ती दिसत होती. मान हलली नाही. ती पदरावर माझे डोळे शोधत होती. दुसऱ्या कानातही घातलं. मग ती पायाच्या अंगठ्यानं शेणाचं सारवण उकरू लागली.

मी पदर काढला. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं, घाईनं मान डोलावली आणि आ केला.

मी उठून डबा काढला. साखर घातली. ती चघळत माझ्या मांडीवर येऊन बसली, माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवलं, आणि आवाज लहान ठेवायचा प्रयत्न करत विचारलं,

"आये, गुरुजींफुडं मान कवा हलवायची?"