गुंडूचा डावा कान

गुंडूच्या डाव्या कानाला पुन्हा वास येऊ लागला तो बुधवारी, आणि उत्तरा शनिवारी सकाळी येणार होती.

गुंडू म्हणजे कॉकर स्पॅनिएल जातीचा तपकिरी कुत्रा, कान पोळीएवढे. उत्तराने तो हौसेने आणला आणि पुण्याला नोकरी लागल्यावर धारवाडजवळच्या नवनगरला आईवडिलांकडे सोडला. तिचे वडील गुरुराज, धारवाडच्या कोर्टातून निवृत्त झालेले वकील. त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं की ही व्यवस्था तात्पुरती आहे. आता ते पेपर वाचायला बसले की गुंडू त्यांच्या पायांवर हनुवटी टेकतो, आणि पायाला मुंग्या आल्या तरी ते पाय हलवत नाहीत.

मागच्या खेपेला उत्तराने तो कान पाहिला होता. लाल, सुजलेला, आत काळपट मळ. तोही पहिल्यांदा नव्हे. ती म्हणाली होती, "अप्पा, पुढच्या वेळी कान असाच दिसला तर मी याला पुण्याला नेणार. तिथे निदान औषध वेळच्या वेळी होईल."

या निकालावर अपील नव्हतं. त्यामुळे गुरुराजांनी बुधवारी दुपारी चौकशी सुरू केली. पहिली संशयित त्यांची पत्नी विमला.

"तू त्याला दहीभात घालतेस. दह्याने थंडी होते आणि थंडी कानात उतरते."

"दहीभात तो तोंडाने खातो," विमला म्हणाली.

दुसरी संशयित शेजारची यल्लव्वा. ती रोज पाईप लावून अंगण धुते आणि गुंडू त्या ओल्या फरशीवर कूस बदलत पडतो. गुरुराजांनी कुंपणावरून तिच्याकडे खुलासा मागितला.

"वकीलसाहेब, तुमचं कुत्रं आमच्या अंगणात का लोळतंय ते आधी सांगा," यल्लव्वा म्हणाली. "मग पाईपचं बघू."

तिसरा संशयित टेबलफॅन. त्याने काही सांगितलं नाही. गुरुराजांनी त्याचं तोंड भिंतीकडे फिरवून ठेवलं. गुंडू टेबलाखाली बसून मागच्या पायाने कान खाजवत होता आणि मधूनच डोकं इतक्या जोरात झटकत होता की कानांचा टाळ्यांसारखा आवाज येत होता.

संध्याकाळी गुरुराज आणि विमला त्याला रिक्षात घालून सुभाष रोडमागच्या गल्लीतल्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर दीपश्री गुंडूला चांगली ओळखत होत्या. गुंडूही त्यांना ओळखत होता, म्हणून तो सरळ बाकाखाली शिरला.

"गुंडू, बा इल्लि," म्हणजे इकडे ये, असं गुरुराज म्हणाले. घरात सगळे मराठी बोलत असले तरी गुंडू फक्त कन्नडमधल्या आज्ञा पाळायचा. ही मात्र त्याने पाळली नाही. त्याला ओढून टेबलावर चढवावं लागलं.

दीपश्रींनी कापसाच्या काडीवर कानातला थोडा मळ घेतला, काचेवर पसरला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला.

"पुन्हा तेच. बुरशी. मागच्या वेळचे थेंब पूर्ण दोन आठवडे घातले?"

"आराम पडेपर्यंत घातले," गुरुराज म्हणाले.

"म्हणजे किती?"

"तो खाजवायचा थांबला. त्याअर्थी बरा झाला."

"अहो, खाजवायचा थांबतो तेव्हा बुरशी अर्धीच मेलेली असते. थेंब संपवायचे आणि मग मला कान दाखवायचा. तुम्ही दाखवायला आलाच नाहीत." त्यांनी गुंडूचा कान उचलला. "बरं, थेंबांशिवाय कानात काही घालता का?"

"नाही."

"पाणी? पावडर?"

"नाही म्हणजे नाही. आपण सांगितलेल्या थेंबांशिवाय दुसरं कुठलंही औषध याच्या कानात गेलेलं नाही."

दीपश्री खाली वाकल्या. त्यांनी कान हुंगला, थांबल्या, पुन्हा हुंगला.

"विमलाताई, तुम्हीही वास घ्या बघू."

विमलाने वास घेतला. "हा तर लसणाच्या फोडणीचा वास!"

गुंडूने डोकं झटकायचं थांबवलं.

"एनु हाकिद्री, वकीलसाहेब?" दीपश्री कन्नडवर आल्या. "काय घातलंत?"

"तेल," गुरुराज म्हणाले. "पण तेल हे औषध नव्हे. आपला प्रश्न औषधाबद्दल होता."

"माझा प्रश्न 'काही घालता का' असा होता."

"आमच्या घरी बुधवारी आणि शनिवारी पुरुषांना तेल लावून गरम पाण्याने अंघोळ घालतात. माझ्या आजोबांपासून चालत आलेलं आहे. डोक्याला तेल, अंगाला तेल, शेवटी कानात दोन थेंब. तेलात लसणाची पाकळी." गुरुराजांनी घसा साफ केला. "घरात पुरुष दोनच."

विमला मटकन बाकावर बसली. "अहो, मी स्वयंपाकघरात असताना तुम्ही याला न्हाऊ घालत होतात? मला वाटायचं, न्हाणीघरात तुम्ही स्वतःशी बोलताय!"

"तो पाटावर शांत बसतो. त्याला आवडतं."

"त्याला आवडेलच की," दीपश्री म्हणाल्या. "बुरशीलाही आवडतं. कान लोंबता, आत हवा नाही. वरून तेल, मग गरम पाणी. ओल, ऊब आणि झाकण. इडलीचं पीठ फुगवायला आणखी काय लागतं?"

दीपश्रींनी कान धुण्याचं औषध दिलं, थेंब दिले, अंघोळीनंतर कान कोरडा करायला शिकवलं. एवढं करूनही कान पुन्हा बिघडला तर खाण्यातली अॅलर्जी तपासू, असंही त्या म्हणाल्या. मग त्यांनी गुरुराजांकडे पाहिलं. ते मघापासून करंगळी कानात घालून हलवत होते.

"तुमचाही डावाच का?"

"थोडी खाज आहे. हवेमुळे."

"तुम्ही माणसांच्या डॉक्टरला दाखवा. मी काचेवर घेऊन बघितलं असतं, पण ते नियमात बसत नाही."

शनिवारी सकाळी गुरुराज एकटेच पाट घेऊन न्हाणीघरात गेले. तेल गरम करून डोक्याला लावलं असेल नसेल, तोच दाराबाहेर गुंडूने गळा काढला. सुरुवातीला तक्रार होती, मग आक्रोश झाला. यल्लव्वाने कुंपणावरून विचारलं, "वकीलसाहेबांना काय झालं?" विमला म्हणाली, "वकीलसाहेब बरे आहेत. दुसऱ्याला झालंय."

त्याच वेळी उत्तरा फाटक उघडून आत आली. खांद्यावर बॅग, हातात गुंडूच्या प्रवासासाठी घेतलेला नवा पट्टा. तिने पट्टा खुर्चीवर टाकून गुंडूला उचलून घेतलं आणि आधी त्याचा डावा कान उलटून पाहिला. कान लालच होता.

"अप्पा!"

गुरुराज पंचा गुंडाळून बाहेर आले. कपाळावरून तेलाचे ओघळ नाकापर्यंत पोचले होते. विमला स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तिला वाटलं, आता टेबलफॅनचं नाव येणार.

"कान मीच बिघडवला," गुरुराज म्हणाले. "त्याला तेल घालत होतो. थेंबही अर्धवट सोडले. यात दुसऱ्या कुणाचा दोष नाही."

उत्तराने भाषणाची तयारी ठेवली होती, कबुलीची नव्हती.

"आता बंद केलंय?"

"त्याचं बंद केलंय. पण मला तेल लागतंय आणि त्याला नाही, हे त्याला सहन होत नाही. ऐकलंस ना."

"मग?"

गुरुराजांनी हातातल्या तेलाच्या वाटीकडे पाहिलं. मग ती विमलाकडे दिली.

"फोडणीत वापर. आजपासून कुणालाच नको. तू त्याला नेऊ नकोस, एवढंच."

उत्तराचा चेहरा तसाच राहिला, पण तिने गुंडूला खाली ठेवलं.

"दोन आठवडे थेंब. रोज मला फोटो. शेवटी डॉक्टरांना दाखवायचं. चुकलात तर लगेचच्या रविवारी मी गाडी घेऊनच येईन."

"मान्य."

"आणि तुम्हीही कान दाखवून या. आईने फोनवर सांगितलंय सगळं."

गुरुराजांनी विमलाकडे पाहिलं. विमला वाटी घेऊन आत गेली होती.

डोक्यावरचं तेल काढायला त्यांनी विमलाचा गुलाबाच्या वासाचा शांपू वापरला, कारण दुसरं काही हाताशी नव्हतं. केस कोरडे करून ते गुंडूच्या कानात थेंब घालायला बसले. "सुम्म कुंडर," म्हणजे गप बस, असं त्यांनी त्याला प्रेमाने बजावलं. गुंडूने त्यांना हुंगलं, सलग शिंकला आणि या अनोळखी माणसापासून लांब, यल्लव्वाच्या अंगणात पळाला. त्याच्यामागे बाटली घेऊन गुरुराज आणि टॉवेल घेऊन उत्तरा धावली. नवा पट्टा खुर्चीवरच राहिला.