कागद नसलेली मोटार

चिंचवडचा फिटर हिंदुराव मोटारीच्या सौद्यासाठी पुन्हा चाकणला आला होता. सावळारामच्या गोठ्यात जुनी मोटार होती. तिचा मालक, एक गोरा साहेब, दुरुस्ती अर्धी टाकून ती सावळारामलाच देऊन विलायतेला गेलेला. इंजिन खोलून पोत्यात भरलेलं.

"कागद सापडले का?" हिंदुरावानं विचारलं.

"मोटार म्होरं उभी हाय की! कागद कशाला?"

"अहो, कागदाबिगर रस्त्यावर आणली तर पोलीस मला चोर म्हणतील!"

"मग रस्त्यावर नगा आणू."

हिंदुरावानं कपाळावर हात मारला. "भंगाराचा भाव देतो."

सावळाराम इतक्या झटकन "घ्या" म्हणाला, की हिंदुरावाला तोही भाव जास्त वाटला. पैसे देऊन त्यानं मोटार ओढून न्यायला बैलगाडी आणली, तर सावळारामची बायको भागूबाई आडवी आली.

"मागल्या शिटावर कोंबडी अंड्यांवर बसलीया. पिल्लं निघाल्यावर न्या."

हिंदुराव चरफडत रिकाम्या बैलगाडीतून परतला.