गोबोल गोत्र

इल्गाची आजी आमच्या न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेच्या घरी पहिल्यांदा आली तेव्हा तिने नकुलचा पगार विचारला नाही, की घर केवढ्याला घेतलं तेही नाही. कोट काढायच्या आधी विचारलं, तुमचं कूळ कोणतं. नकुल माझा नातू, इल्गाचा होणारा नवरा, त्याने मला मराठीत सांगितलं. मी म्हटलं, वासिष्ठ. तिने मान डोलावली आणि मग खुर्चीवर बसली. बाई मला तेव्हाच पसंत पडली. माझ्या मुलाच्या, संजीवच्या लग्नात सुनेच्या, वीणाच्या माहेरच्यांनी आधी पार्किंगचं विचारलं होतं.

ही माणसं दौर. चीनच्या पार उत्तरेकडची, पण त्यांना चिनी म्हटलं की आजी ओठ मिटते. भाषा मंगोलांच्या जवळची. तिला स्वतःची लिपी नाही, जे काय ते तोंडपाठ. आजीला ते ताइती म्हणतात, आम्हीही तेच म्हणू लागलो. इल्गा म्हणजे फूल. तिचे आईबाप ती लहान असतानाच गेले. बापाच्या आईने, म्हणजे ताइतीनेच वाढवली. म्हणून कन्यादानाचं पाणी तीच सोडणार असं ठरलं.

लग्नाच्या आठवड्यात गिरीश गुरुजी आले. हे एरवी जर्सी सिटीला कॉम्प्युटरचं काम करतात आणि सुट्टीच्या दिवशी लग्नं लावतात. मुलाचं गोत्र सांगून झालं, मुलीचं विचारलं. वीणा स्वयंपाकघरातूनच म्हणाली, काश्यप घाला. चूक तिची एकटीची नव्हे. ज्याला गोत्र ठाऊक नाही त्याला काश्यप, हा आपला जुना रिवाज. अमेरिकेत तर गोऱ्या सुना-जावयांमुळे काश्यपांचं कूळ इतकं फोफावलंय की खुद्द ऋषींना आपली पोरं ओळखता यायची नाहीत.

इल्गाने ते ताइतीला सांगितलं. ताइतीने कप खाली ठेवला. काश्यप कोण, म्हणाली. गुरुजी म्हणाले, थोर ऋषी. आमच्या नदीवर कधी आले होते का, हा तिचा पुढचा प्रश्न. नकुलला हसू आलं, मी बघितलं तसं गेलं.

मग ती बराच वेळ बोलली. इल्गा इंग्रजीत सांगे, नकुल मराठीत. त्यांच्यात कुळाला हाला म्हणतात. एका हालातली मुलं म्हणजे भाऊबहीण, त्यांचं लग्न होत नाही. इल्गाचा हाला गोबोल. पूर्वज मोठ्या नदीपलीकडे राहायचे. लढायांमुळे तिथून उठावं लागलं. घरं मागे राहिली, नाव तेवढं बरोबर आणलं. पुढे कागदोपत्री त्याचं नुसतं ग्वो झालं, आणि ग्वो तिकडे पैशाला पासरी.

"एकदा कापून आखूड केलं," ताइती म्हणाली, "आता तुम्ही दुसऱ्याचं आणून शिवता. माझ्या मुलाचं एवढंच तिच्यापाशी उरलंय. त्या नावाने मी पाणी सोडणार नाही."

इल्गा तिच्या कानाशी काहीतरी म्हणाली. चालेल, राहू दे, असंच असणार. ते नकुलला मराठीत सांगावं लागलं नाही. पोरीची मान खाली होती.

"आई, प्लीज, तुम्ही तरी समजवा त्यांना," वीणा म्हणाली. "सगळं फायनल झालंय."

माझ्या लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने माझं नवं नाव लिहिलं. माहेरचं नाव त्या ताटात गेलं, त्याने मला पुन्हा कुणी हाक मारली नाही. हे मी तिथे बोलले नाही. गुरुजींकडे वळले.

"गिरीश, संकल्पात तू न्यू जर्सी म्हणतोस ना?"

"म्हणतो, आजी. जिथे कार्य, त्या जागेचा उच्चार करावाच लागतो."

"कुठल्या ऋषीने पाहिली रे न्यू जर्सी?"

तो पंचांग चाळू लागला.

"अख्खं राज्य संस्कृतात बसवलंस, मग एक कूळ बसत नाही होय? गोत्र विचारतात ते भावाबहिणीचं लग्न लागू नये म्हणून. ते काम त्यांचा हाला करतो. पोर बिननावाची नाही. तिला उसनं कशाला?"

त्याने प्रवराचं, म्हणजे गोत्रासोबत म्हणायच्या पूर्वज ऋषींच्या नावांचं काय ते विचारून पाहिलं. मी म्हटलं, ताइतीला पूर्वजांची नावं विचारलीस तर ती म्हणायला लागेल आणि मुहूर्त टळेल. त्यावर त्याने नाद सोडला.

लग्नात गुरुजी त्या शब्दापाशी जरा थांबले, मग स्वच्छ म्हणाले, गोबोलगोत्रोत्पन्नाम्. बाकीचं ताइतीला कळलं नाही, तेवढं कळलं. तोवर पळी तिने मुठीत घट्ट धरून ठेवली होती. ती कलती करून तिने पाणी सोडलं. जेवणाआधी तिने स्वतः रांधलेली भरड धान्याची दुधातली खीर नवराबायकोला एका वाडग्यातून खायला लावली. त्यांच्यात तसं असतं. मीही चाखली. गुळाशिवाय गिळवत नव्हती, पण वाडगा पुसून खाल्ला.

संध्याकाळी वीणा तांदळाचं ताट आणि अंगठी घेऊन आली. नाव काय ठेवायचं, वैदेही कसं वाटतं, म्हणाली.

मी म्हटलं, "तांदूळ चांगले आहेत. उद्याच्या भाताला घे."