दारातली फुंक

आमच्या घरात चौदा वर्षांपासून एक रीत आहे. कृष्णकांत, म्हणजे आमचे हे, संध्याकाळी नागपूरच्या इतवारीतल्या साडीच्या दुकानातून घरी आले की चपला काढायच्या आधी दारातच थांबतात, वाकतात आणि माझ्या तोंडासमोर फुंक मारतात. मी वास घेते. चहा आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा, एवढाच वास आला तर बाजूला सरते. दारू सोडली त्या दिवशी मीच ही अट घातली होती आणि या माणसाने ती एकदाही चुकवली नाही. अंगात ताप असताना आले तरी फुंकले. सासूबाई गेल्या त्या दिवशी घाटावरून परतल्यावरही आधी फुंकले, मग आंघोळीला गेले. ऐकणाऱ्याला हसू येत असेल. मला कधी आलं नाही. त्याआधीची सात वर्षं या घराने जी काढली, ती आठवली की आजही माझे हातपाय गार पडतात.

तर अशा घरात वाइनच्या चार बाटल्या कुणी आणल्या? मी आणल्या.

आमची मुलगी प्रणाली नाशिककडे डोंगराच्या पायथ्याशी एका लहानशा वाइनरीत नोकरी करते. जगातली बाकीची कामं संपली होती का, म्हणून मी तिच्याशी सहा महिने धड बोलले नव्हते. एप्रिलमध्ये तिचा पाय मुरगळला आणि मला पंधरा दिवस तिच्याकडे राहायला जावं लागलं. गेले ती नाक मुरडतच. तिकडचं ऊनही आपल्यासारखंच लख्ख, पण सूर्य डोंगराआड गेला की असा वारा सुटतो की पदर अंगाभोवती ओढून घ्यावासा वाटतो. प्रणालीने समजावलं की दिवसाच्या उन्हाने द्राक्षात गोडी भरते आणि रात्रीच्या गारव्याने आंबटपणा टिकतो. मी हो हो केलं. मग एके दिवशी तिने पेल्यात दोन घोट पांढरी वाइन ओतून समोर धरली. पटलं नाही तर थुंकून टाक, म्हणाली.

मी थुंकायच्या तयारीनेच तोंडात घेतली आणि थुंकली नाही. आधी कैरीचा आंबटपणा, मागून पिकल्या पेरूचा वास, घशाला आग नाही की काही नाही. मला तर रागच आला. ज्या वासाने माझी ऐन तरुणपणाची सात वर्षं नासवली, ती वस्तू अशीही असू शकते, हे कुणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी लाल चाखली, तिसऱ्या दिवशी गुलाबी. किंमत विचारली तर एका बाटलीचे पैसे आमच्याकडच्या ब्लाउजच्या शिलाईएवढे. मला वाटत होतं, असलं काही फक्त सिनेमातल्या बायकांना परवडतं. येताना चार बाटल्या साड्यांच्या घड्यांत गुंडाळून आणल्या.

नागपुरात उतरले तेव्हा पारा पंचेचाळीसवर होता. उकाड्यात वाइन बिघडते, हे प्रणालीने दहादा बजावलं होतं. फ्रीजमध्ये ठेवावी तर हे पाण्याच्या बाटलीसाठी दिवसातून दहा वेळा फ्रीज उघडतात. तेव्हा मला मागच्या खोलीतला कूलर आठवला. ती प्रणालीची खोली, ती नसताना तो कूलर कुणी चालवत नाही. मी त्याची बाजूची जाळी काढली, खालच्या टाकीत बाटल्या आडव्या ठेवल्या आणि वरून पाणी भरलं. वाइन गार आणि नवरा बेखबर. स्वतःच्या हुशारीवर मी बेहद्द खूश झाले.

पाचव्या दिवशी दुपारी चार वाजता जाळी काढली तर चारही बाटल्या उघड्याबोडक्या. पाण्याने लेबलं सुटून गेली होती. गंमत म्हणजे टाकीत कागदाचा एक कपटाही सापडला नाही. गेली असतील विरघळून, म्हणून मी सोडून दिलं. हाताला लागली ती बाटली उघडली, ती गुलाबी निघाली. स्टीलच्या पेल्यात ओतली आणि सकाळच्या उरलेल्या सांबारवडीबरोबर, म्हणजे आमच्याकडच्या कोथिंबिरीच्या वडीबरोबर, एकेक घोट घेत बसले. खरं सांगते, फार सुख वाटलं. यांची यायची वेळ साडेसातची, तोवर वासाचं नावही उरणार नव्हतं.

पेला संपतोय तोच यांचा फोन आला. दुकानाजवळचा ट्रान्सफॉर्मर उडाला होता, शेठने सगळ्यांना सुट्टी दिली होती, अर्ध्या तासात पोचतो म्हणाले.

हे येणार, दारात वाकणार आणि तोंडाला तोंड लागेल इतके जवळ येणार. मी दोनदा दात घासले. मूठभर सौंफ चावली, मग लवंग, मग पेरूची पानं. शेवटी कच्चा कांदा हातात घेतला आणि तिथेच थबकले. हे एकूणएक उपाय यांनी चौदा वर्षांपूर्वी करून पाहिले होते आणि एकूणएक मीच पकडले होते. कांद्याचा वास आला की मी तेव्हा समजूनच जायची.

शेजारी निघून जावं, असंही मनात आलं. पण मी दारात नाही, असा एक दिवस झाला नव्हता. भीती त्यांच्या रागाची नव्हती. रागावले असते तर मी पाय धरले असते. भीती ही होती की ते काही बोलणार नाहीत, उलट्या पावली चौकातल्या त्या दारूच्या दुकानाकडे वळतील, आणि त्यांना अडवायला माझ्याकडे तोंड उरणार नाही. चौदा वर्षं एका पेल्यात बुडवली, असं स्वतःला शिव्या देत होते तोच खाली मोपेड थांबली.

ते दारात आले, वाकले, फुंकले. चहा आणि खर्रा. मी श्वास धरून मान हलवली आणि बाजूला सरले. ते मात्र जागचे हलले नाहीत.

"कामिनी," ते म्हणाले, "आता तू फुंक."

काहून, असं विचारायचं होतं, पण त्यासाठीही तोंड उघडावं लागलं असतं. मी फुंकले. त्यांनी डोळे मिटून वास घेतला आणि तसेच उभे राहिले. तोंड उघडं टाकून समोरच्याच्या निकालाची वाट पाहत उभं राहणं काय असतं, ते मला त्या क्षणी कळलं. या माणसाला मी रोज तिथे उभं करत आले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी खिशातून दुकानाचं एक पाकीट काढलं. त्यात चार लेबलं होती, वाळवून इस्त्री केल्यासारखी सपाट.

"पोरगी मे महिन्यात येईन म्हणून कूलरचं गवत बदलाले गेलो होतो," ते म्हणाले. "हे पाण्यावर तरंगून राहिले होते. चार दिवस झाले."

"मंग बोलले काहून नाही?"

"काय बोलू? रोज जातो, जाळी काढतो, पाहतो, जाळी लावतो. चार दिवस झोप नाही मले. आजवर टिकलो. उद्या टिकीन का, मालूम नाही."

मला रडू फुटलं. सगळ्या बाटल्या आत्ताच मोरीत ओतते, असं मी म्हणाले. आणि उद्यापासून हे फुंकणंही बंद करू, तुमचा वास घ्यायचा मला आता काही हक्क राहिला नाही, असंही म्हणाले. त्यावर मात्र ते एकदम घाबरले.

"ते बंद नको करू वं. तुले वाटते, तुह्यासाठी फुंकतो मी. घरी येताना रोज ते दुकान लागते. दारात कोणी वास घ्याले उभं आहे, म्हणून मी सरळ घरी येतो." मग चपला काढता काढता म्हणाले, "फेकू नको. पोरीच्या हातचं आहे. फक्त घरात नको."

त्याच संध्याकाळी बाटल्या त्या लेबलांसकट माझ्या मावसबहिणीकडे, महाल भागातल्या सोनिकाकडे गेल्या. आता रविवारी दुपारी मी तिच्याकडे जाते. आम्ही दोघी एकेक छोटा पेला घेतो आणि चवीवरून कुठलं लेबल कुठल्या बाटलीचं, यावर भांडतो. मग चहा घेऊन, तोंडाचा वास पुरता जाईपर्यंत थांबूनच मी निघते.

घरी हे दारात उभे असतात. मी चपला काढत नाही. टाचा उंचावून त्यांच्यासमोर फुंकते. "चहा," ते म्हणतात आणि बाजूला सरतात. रविवारी दुकान बंद असतं, ते दिवसभर घरातच असतात. तरी मी आत गेले की ते बाहेर जाऊन उंबरठ्यापलीकडे उभे राहतात, वाकतात आणि फुंकतात.