क्रमांक नसलेली चिठ्ठी

अमरावतीच्या राजापेठेतल्या त्या सभागृहात अद्वैतचा जीव सकाळपासून थाऱ्यावर नव्हता. समोर चिठ्ठ्या पसरल्या होत्या : निरनिराळ्या संशोधकांनी डायलिसिसच्या रुग्णांशी केलेल्या संवादांतली वाक्ये. प्रत्येकीच्या कोपऱ्यात अभ्यासाचा क्रमांक. जुळणारी वाक्ये जवळ आणायची, गटाला नाव द्यायचे आणि सगळ्या अभ्यासांतून मिळून काय उमगते ते मांडायचे, हे चारुशीला मॅडम शिकवीत होत्या.

अद्वैत अकोल्याच्या एका नर्सिंग कॉलेजात शिकवायचा. परंतु या कार्यशाळेला तो वेगळ्याच ओढीने आला होता. जठारपेठेतल्या घरी त्याचे वडील, उद्धवराव, डायलिसिसला जाणार नाही म्हणून हटून बसले होते. डायलिसिसची एक खेप चुकली होती. उद्याचीही चुकली, तर... हे वाक्य तो मनातही पुरे करीत नव्हता.

घोटभर पाण्यासाठी झुरणारी, सुईला भ्यालेली ती परकी वाक्ये तो पुन्हा पुन्हा चाळत राहिला. बाबांचे कारण कुठेच सापडेना. अखेर त्याने कोरा कागद ओढला, त्यावर लिहिले, ‘मले नाई जायचं आता’, आणि तो ‘उपचारांचा कंटाळा’ या गटात ठेवला. लबाडी मनात नव्हती. हातांनाच राहवले नाही.

"ही कोणत्या अभ्यासातली?" मॅडमनी चिठ्ठी उचलली.

"सर तर घरीच अभ्यास छापून राहिले!" शेजारची स्वराली हसली. अद्वैतचा चेहरा पाहून तिचे हसू विरले.

"माझ्या वडिलांचं वाक्य आहे," तो पुटपुटला.

"मग इथे चालणार नाही," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "आणि कंटाळा कशावरून? त्यांना विचारलंत?"

"नाही. समजावलं फक्त."

तो व्हरांड्यात आला. खाली राजापेठेचे हॉर्न थांबत नव्हते. त्याने फोन लावला.

"समजवाले फोन केला असशील तर ठेव," उद्धवराव म्हणाले.

"नाई बाबा. विचाराले केला. काहून नाई जायचं?"

पलीकडे पंख्याचे बटण खट्ट करून बंद झाले.

"बाजूच्या पलंगावरचा सहदेव गेला न. मागच्या खेपेले मले त्याच्याच पलंगावर टाकलं. चादर बदलली होती म्हना. पन पाठ टेकवेना रे."



"दुसरा पलंग मागू. मी येतो संगं."

"तू मागशील? चहात साखर मागाले लाजतं तू!"

"मागतो!" त्याचा आवाज एवढा चढला, की व्हरांड्यातली माणसे वळून पाहू लागली. "नाई देला तर भांडतो. पन तुमी चला."

पलीकडे कपाटाचे दार करकरले.

"माझं स्वेटर कुठं ठेवलं रे तू?" उद्धवराव कुरकुरले. "तिथचा एसी लय थंड असते."